तिसऱ्या मजल्यावरचं वादळ

भूगोलाच्या बाई शाळेत कुणालाच नावानं हाक मारत नसत. ज्याचा जो विषय तेच त्याचं नाव. "अहो गणित, जरा खडू द्या इकडं." "शिवणबाईंना म्हणावं, घंटा झाली." मी वयानं त्यांच्या निम्मी, म्हणून मला नुसतं "काय गं मराठी".

धुळ्याच्या त्या मुलींच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर त्यांनी मला गाठलं. माझ्या ट्रंकेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठली?"

"साताऱ्याची."

"विषय?"

"मराठी."

"राहायची सोय?"

"नाही अजून."

"मग चल. आमच्या अक्कांकडे एक खोली रिकामी आहे. पण सकाळी माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही. मी आभाळ उतरवून घेत असते."

मला वाटलं, जपजाप्य असेल काहीतरी. बाई पन्नाशीच्या, एकट्या, पांढरी सुती साडी, तेव्हा माझी समजूत अगदीच वेडगळ नव्हती. फक्त अंबाड्यात फुलाऐवजी दोन पेन्सिली खोचलेल्या होत्या, एक तांबडी, एक निळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. कट्ट, कडकट्ट, कट्ट कट्ट. मी दारातून डोकावले. बाई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, कानांवर हेडफोन, समोर लोखंडी पेटीएवढा एक रेडिओ, आणि हात भराभर आकडे लिहीत चाललेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करानं मुलींची एक तुकडी काढली होती, तीत त्या बिनतारी संदेश घ्यायला शिकल्या होत्या. एका विमानतळावर हवामानाचे आकडे उतरवून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. लढाई संपली, तुकडी मोडली, बाई बी.टी. होऊन शाळेत आल्या. पण कान काही निवृत्त झाले नाहीत. भुसावळच्या भंगार बाजारात लष्करातून निघालेला एक रेडिओ दिसला तेव्हा त्या त्याच्याशेजारी बसूनच राहिल्या म्हणे, दुकानदार कंटाळून द्यायला तयार होईपर्यंत.

"हे काय असतं?" हेडफोन उतरल्यावर मी विचारलं.

"आभाळ." त्यांनी आकड्यांचा कागद माझ्यापुढे नाचवला. "नागपूर, मुंबई, अहमदाबाद, दिल्ली, अशा ठिकाणांहून पहाटे फुगे सोडतात. फुग्याला एक डबी बांधलेली. वर जाता जाता ती कळवत जाते, इथं ऊब किती, ओल किती. वारा कुठून, किती, तेही फुग्यावरून कळतं. ते सगळे आकडे दिल्ली अशी कट्टकट्ट करून पाठवते. मी ते नकाशावर मांडते."

नकाशे म्हणजे मुली परीक्षेला वापरतात ते भारताचे कोरे नकाशे. कोरे कमी पडले की बाई मुलींचे वापरलेलेही घेत. त्यामुळे एखादं भलंमोठं वादळ 'कापूस पिकवणारे प्रदेश' या हिरव्या रंगावरून जाताना दिसे, आणि कोपऱ्यात कुणा मुलीला दिलेले दहापैकी चार गुण.

एका दिवसाचे चार नकाशे. त्याचं कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "आभाळाला मजले असतात, मराठी. लोक बघतात तो तळमजला. त्याच्यावर पहिला मजला, पाचएक हजार फुटांवर. तिथं ओल. मग तिसरा मजला, अठरा-वीस हजार फुटांवर. तिथं गारठा. आणि चाळीस हजार फुटांवर गच्ची. तिथं वाऱ्याची नुसती पळापळ. पहिल्या मजल्यावर समुद्राची ओल शिरली, तिसऱ्यावर उत्तरेचा गारठा उतरला आणि गच्चीवर पळापळ सुरू झाली, की खाली तापलेल्या खानदेशानं फक्त फोडणी द्यायची. वावटळ, गारा, पत्रे उडणं, सगळं एका दुपारी."

"आणि दुसरा मजला?"

"तो भाड्यानं दिलाय," बाई म्हणाल्या, आणि पेन्सिल अंबाड्यात खोचून आंघोळीला गेल्या.

बाई आधी जळगावच्या शाळेत होत्या. तिथून धुळ्याला का आल्या ते त्या स्वतःच चवीनं सांगत. शाळेच्या भिंतीला लागून संस्थेच्या एका विश्वस्त शेठजींची डाळ मिल होती. तुरीला तेलपाणी लावून अंगणात वाळत घालायची, मिलमधल्या बाया दिवसभर पायांनी ती हलवायच्या. एका चैत्रात बाईंनी नकाशा बघितला आणि मधल्या सुट्टीत भिंतीवरून ओरडून सांगितलं, "बायांनो, आज डाळ पसरू नका! दुपारी उडून जाईल!" बायांनी ऐकलं. कामाला सुट्टी मिळत असेल तर हवामानशास्त्रावर कोण अविश्वास दाखवील? त्या दुपारी जळगावात पानही हललं नाही. शेठजी रुमालानं मान पुसत शाळेत आले.

"बाईजी, वादळ कुठं गेलं?"

"धरणगावला," बाई म्हणाल्या. "गारांसकट. विचारून घ्या."

शेठजींनी खरंच विचारून घेतलं. धरणगावला झाडं पडली होती. पण शेठजींची मिल धरणगावला नव्हती. पुढच्या जूनमध्ये बाईंची बदली धुळ्याला झाली.

"चाळीस हजार फुटांवरून बघताना जळगाव काय आणि धरणगाव काय," बाई म्हणत. "पण तुरीच्या डाळीला हे कोण समजावणार?"

धुळ्यात त्यांनी भिंतीवरून ओरडणं सोडलं आणि रांगोळी काढायला घेतली. रोज सकाळी दारापुढे तिसऱ्या मजल्याचा नकाशा. ठिपके म्हणजे गावं, आणि त्यांतून वळत गेलेल्या लांबच लांब रेषा. आभाळ शांत असलं की रेषा साडीच्या काठासारख्या सरळ. उत्तरेकडून गारठ्याची पन्हळ सरकत आली की रेषा मधेच खाली लोंबायच्या. अक्का आमच्या घरमालकीण. बोलायला फटकळ, मनानं मऊ, आणि शिक्षण चौथी. पण महिनाभरात त्यांना रांगोळी वाचता येऊ लागली. रांगोळीला पोट आलं की गल्लीत पापड घालायचे नाहीत, हे अक्कांनी ठरवून टाकलं. बाया सकाळी दुधाच्या आधी रांगोळी बघून जायच्या.

एकदा एप्रिलमध्ये रांगोळीला असं मोठं पोट आलं की गल्लीनं पापडाचं तयार झालेलं पीठ झाकून ठेवलं. दिवसभर कडकडीत ऊन. संध्याकाळी अक्का कमरेवर हात ठेवून आल्या. "बाई, पोट निंघनं आनि काही व्हयनं नही. काय शे हाई?"

बाईंनी रांगोळीकडे निरखून पाहिलं. "अक्का, तिथं मला शिंक आली होती."

वर्गातही हेच. नववीच्या मुलींना भूगोलाच्या पुस्तकात व्यापारी वारे होते. बाई त्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन जायच्या. फळ्यावर आठवडा आठवडा नकाशा राहायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, 'पुसू नये, वादळ चालू आहे'. मुख्याध्यापिकांनी एकदा बोलावून विचारलं, "हे अभ्यासक्रमात आहे का?" बाई म्हणाल्या, "नाही. आभाळात आहे." मुली त्यांना वादळबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्यांचा अंदाज किती वेळा खरा ठरायचा, असं मला पुष्कळ जण विचारतात. निम्म्या वेळा. कधी थोडा जास्त, कधी कमी. त्याबद्दल त्यांना लाज नव्हती आणि गर्वही नव्हता. चुकला की त्या दुसऱ्या दिवशी चुकलेला नकाशा भिंतीला टोचून चहा पीत त्याच्यासमोर बसायच्या, पाहुण्यांसमोर बसतात तशा. लोकांनी हसलेलंही त्यांना चालायचं. मीसुद्धा हसायचे. पण एक आखाजी अशी आली की तिच्यानंतर काही दिवस बाईंनी रेडिओला हातच लावला नाही.

अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पुरणपोळ्या आणि आमरस, पुरुष दिवसभर पत्ते कुटत बसलेले. दुसऱ्या दिवशी मुली गवराईचं, म्हणजे आखाजीच्या गौरीचं, विसर्जन करायला नदीवर जातात. नदीच्या दोन काठांवर दोन गावं असली, तर मग खरी गंमत. या काठच्या मुली त्या काठच्या मुलींना शिव्या देतात, त्या परत देतात, मनसोक्त. वर्षाची सगळी वाफ त्या एका संध्याकाळी निघून जाते आणि कुणी कुणाचा राग धरत नाही.

"आमना गावनी आखाजी देखाले चला," अक्का म्हणाल्या. त्यांचं माहेर पांझरेच्या काठी, धुळ्यापासून बसनं फार लांब नाही. मी पेपर तपासून कंटाळले होते. बाई निघायच्या सकाळपर्यंत हेडफोन लावून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

"पन्हळ राजस्थानावर आहे," बसमध्ये त्या हळूच म्हणाल्या. "उद्या आपल्या डोक्यावर येईल. पहिल्या मजल्यावर ओलही शिरलीय. मराठी, हे धरणगावसारखं नाही. मोठं आहे."

गावात अक्कांचे थोरले भाऊ होते, सगळे त्यांना आबा म्हणत. पांढरी टोपी, भरघोस मिशा, दगडी चौथऱ्याचं भक्कम घर. बाईंनी जेवता जेवता त्यांना सांगून टाकलं, उद्या विसर्जनाच्या वेळी वादळ आहे, मुलींना नदीत पाठवू नका. आबांनी आमरसाची वाटी खाली ठेवली आणि पोट धरून हसले.

"बाई, आखाजीले वादय नही येस. पाव्हना येतस."

सगळी पंगत हसली. बाईही हसल्या. पण सकाळी त्यांनी मला उठवून अंगणात नेलं तेव्हा त्या हसत नव्हत्या. आभाळ निळंभोर होतं, ढगाचा ठिपका नाही.

"बाई, स्वच्छ आहे हो सगळं."

"तळमजला स्वच्छ आहे. माझ्याकडे आजचा नकाशा नाही, कालचं शिळं आभाळ आहे. पण पन्हळ रात्रीत परत जात नसते." त्या येरझाऱ्या घालू लागल्या. "संध्याकाळी दोन गावच्या पोरी उघड्या वाळूत असणार. आडोशाला नुसती काठावरची झाडं. सांगून कुणी ऐकत नाही. तेव्हा विसर्जन सकाळीच उरकलं पाहिजे."

"ते कसं?"

बाईंच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी तोवर फक्त आठवीतल्या मुलींच्या डोळ्यांत पाहिलं होतं. "तू नदी ओलांडून जा. पलीकडच्या पोरींना सांग, आमच्या पोरी विचारतात, तुमच्या पोरी उन्हाला भितात का? सकाळी यायची हिंमत आहे का? मी इकडे सांगते की त्यांनी तसा निरोप पाठवलाय."

"बाई, ही लबाडी आहे."

"हो. अहिराणीत सांग हं, नाहीतर लागणार नाही. म्हण: तुमन्या पोरी उनले भ्यातस का?"

मी ते वाक्य पुटपुटत कोरडं पात्र ओलांडलं. पलीकडे एका ओट्यावर दहा-बारा मुली मेंदीचे हात धूत बसल्या होत्या. साताऱ्याची मराठीची शिक्षिका मी, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि जोरात म्हणाले, "आमन्या पोरी इचारतस, तुमन्या पोरी उंदरले भ्यातस का?"

एक मुलगी उभी राहिली. "उंदरले?"

माझी चूक माझ्या लक्षात आली, पण ती दुरुस्त करण्यापेक्षा पळणं सोपं होतं. मागून जे ऐकू आलं ते मी इथं लिहू शकत नाही, कारण मी मराठीची शिक्षिका आहे. उन्हाची शिवी एक वेळ त्यांनी सोडूनही दिली असती. उंदरांची कोण सोडणार?

ऊन चढायच्या आत दोन्ही काठ भरले. आमच्या बाजूला आबांची नात इंदू सगळ्यांत पुढे, नवं लुगडं कमरेला खोचून. शिव्यांना सुरुवात झाली. यांची भाकरी कच्ची, त्यांचं पाणी खारट, यांचे नवरे तोतरे, त्यांच्या सासवा चेटकिणी. पलीकडच्या मुली उंदरांमुळे पेटलेल्या होत्या. आमची बाजू ढिली पडू लागली. तेव्हा भूगोलाच्या बाई गर्दीतून पुढे आल्या, पदर खोचला, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज लावून ओरडल्या, "तुमनं गाव नकाशामा नही शे!"

पलीकडच्यांनी मान वळवून आपल्या गावाकडे पाहिलं.

"तुमले अक्षांश नही, रेखांश नही!"

अक्षांश म्हणजे काय चोरीला गेलं हेच त्यांना कळेना. एक मुलगी रडवेली होऊन शेजारणीला विचारताना मी पाहिली. आमच्या काठानं जल्लोष केला, गवराई पाण्याच्या डबक्यात गेली आणि पोळायला लागलेल्या वाळूतून सगळ्या घरी पळाल्या. बाई खूश होत्या. दोनदा जेवल्या.

जेवणं झाली. पुरुष ओसरीवर पत्त्यांना बसले, बाया आडव्या झाल्या. बाई आंब्याची कोय चोखत अंगणात उभ्या होत्या. घर फारच शांत वाटलं म्हणून मी अक्कांना विचारलं, "मुली कुठं गेल्या?"

"झोकावर. नदीवरना चिंचले बांधेल शे ना." अक्कांनी जांभई दिली. "दरसाल दुपारले गवराई सजाडतस घरमा बशीसन. औंदा बठ्ठं काम सकाळमाच जायं. मंग काय करतीन?"

बाईंच्या हातातली कोय खाली पडली. त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. मीही पाहिलं. गावाच्या टोकाच्या घरांमागून एक पांढराशुभ्र ढग उभा वर चढत होता, उकळत्या दुधासारखा, आणि त्याचा माथा कुणीतरी हातानं पुसावा तसा पूर्वेकडे पसरत चालला होता. त्याच्या पायथ्याशी मातीच्या रंगाची एक भिंत होती. वारा पूर्ण पडला होता.

"लवकर आलं," बाई म्हणाल्या आणि धावल्या.

नदीकाठची चिंच जुनी, बुंध्यात पोकळ, पण फांद्या अशा आडव्या पसरलेल्या की तीन झोके सहज मावत. तीस-चाळीस मुली असतील. पलीकडच्याही आल्या होत्या, सकाळचं भांडण सकाळीच संपलं होतं. बाई धापा टाकत ओरडल्या, "पोरींनो, वादळ येतंय! घरी चला, आत्ताच्या आत्ता!"

इंदूनं झोका थांबवलासुद्धा नाही. "बाई, सकाळमा तुम्ही आमले येडं बनाडं. यासले आमना निरोप, आमले यासना निरोप. बठ्ठं उघडं पडनं. आते काय नवं?"

मुली खदखदून हसल्या. त्यांचं काय चुकलं? दोन्ही गावच्या मुलींनी निरोप ताडून पाहिले होते आणि बाईंची लबाडी पकडली होती.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांना बुंध्याशी पडलेला विळा दिसला. तो त्यांनी उचलला, रिकाम्या झोक्यापाशी गेल्या आणि दोर कापला. मग दुसरा. तिसऱ्यावरून इंदू उडी मारून खाली उतरली, कारण बाई विळा घेऊन तिच्याकडेच येत होत्या. तोही कापला.

आखाजीचा झोका म्हणजे माहेर. त्याचा दोर कापणं किती अभद्र, ते त्या मुलींच्या चेहऱ्यांवर मला दिसलं. कुणी हसत नव्हतं. एक बारकी मुलगी रडू लागली. बाईंनी विळा दूर पात्रात भिरकावला, साडी गुडघ्यापर्यंत वर धरली आणि गावाच्या दिशेनं पळत सुटल्या.

"धरा तिले!" इंदू किंचाळली.

आणि सगळ्या, दोन्ही गावच्या, एकूण एक, बाईंच्या मागे धावल्या. सकाळी जितक्या शिव्या शिल्लक राहिल्या होत्या तितक्या सगळ्या देत. पन्नाशीची ती बाई पुढे, अंबाडा सुटलेला, पेन्सिली कुठल्याकुठं गेलेल्या, मागे तीस-चाळीस चवताळलेल्या मुली, आणि सगळ्यात मागे मी, त्या रडणाऱ्या मुलीला काखेत घेऊन. आबांच्या दारातून बाई सरळ धान्याच्या खोलीत शिरल्या. मुली त्यांच्यामागे. पत्ते खेळणारे उठून उभे राहिले. आबा "अरे, अरे, काय जायं?" म्हणतात तोच अंधार झाला.

पहिल्यांदा माती आली, मग वारा, मग गारा. आबांनी आणि दोघा-तिघांनी मिळून दार लोटून धरलं. शेजारचा पत्रा निघून रस्त्यावरून आपटत गेल्याचा आवाज आला. नदीच्या बाजूनं एक करकरलेला, लांबलेला आवाज आला, आणि तो कशाचा हे कुणी कुणाला सांगितलं नाही. इंदूनं बाईंचं मनगट पकडलं होतं, मारायला. ती ते तसंच धरून बसली.

वादळ गेल्यावर आम्ही नदीवर गेलो. झोके होते ती फांदी बुंध्यापासून फाटून वाळूत पडली होती. बैलगाडीएवढी. तिच्याखालची जमीन दिसत नव्हती.

परत आल्यावर आबा बाईंसमोर येऊन उभे राहिले. बाई पोत्यावर बसल्या होत्या, तोंडावर माती. आबांनी टोपी काढली. "बाई, वाचाडं तुम्ही पोरीसले."

"नाही आबा." बाईंचा आवाज अगदी बारीक होता. "नीट ऐका. दरवर्षी या वेळेला पोरी घरात गवराई सजवत बसलेल्या असतात. मी लबाडी करून विसर्जन सकाळी करवलं, म्हणून त्या रिकाम्या झाल्या आणि झाडाखाली गेल्या. मी काही केलं नसतं, गप्प घरी बसले असते, तर सगळ्या आपोआप वाचल्या असत्या. मला वाटलं वादळ संध्याकाळी येईल. ते दुपारी आलं."

इंदू तोंडाला पदर लावून उभी होती.

"मी काल तुम्हाला खरं सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "आज सकाळी पुन्हा सांगायला हवं होतं. हजारदा."

"मी आयकं असतं का?" आबांनी विचारलं आणि स्वतःच मान हलवली. "नही. हासनू असतू." त्यांनी थोडा विचार केला. "पुढला साल बी सांगा. आम्ही हासूत. पन सांगा."

धुळ्याला परतल्यावर अक्का आठवडाभर बाईंशी बोलल्या नाहीत. जीव वाचला तो वाचला, पण आखाजीचा दोर कापायचा म्हणजे काय! बाईंनीही रेडिओवर कापड टाकून ठेवलं. दारापुढे रांगोळी नाही, भिंतीवर नकाशा नाही. मी चहा करून द्यायचे, त्या मुकाट्यानं प्यायच्या. मला त्यांच्या कट्टकट्टीची इतकी सवय झाली होती की मला सकाळी जाग येईना.

शेवटी अक्कांनाच राहवलं नाही. त्या बाईंशी बोलत नसल्यामुळे अंगणातल्या तुळशीला म्हणाल्या, "गल्लीमा तीन घरना पापड भिजनात. आभाय काय करी ते सांगाले कोनी नही राहिनं आठे."

भिंतीपलीकडे कापड ओढल्याचा आवाज आला. मग कट्ट, कडकट्ट.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी एका सकाळी नववीच्या वर्गाबाहेर सायकल टेकवलेली दिसली. आबा आले होते. मुख्याध्यापिका व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. बाई हातात खडू घेऊन बाहेर आल्या.

"नकाशा पाहिलाय आबा," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "आत्ता तरी काही दिसत नाही. पण चार दिवस आधी काही सांगता येत नाही, खोटं कशाला बोलू..."

"ते राहू द्या." आबांनी हात हलवला. "औंदा झोका कोनता झाडले बांधाना, ते सांगा. पोरी म्हनतस, बाईले इचारा."

मजल्यामजल्यांचं आभाळ त्यांना पाठ होतं, पण कुठलं झाड किती वजन धरतं हे कुठल्याच फुग्यानं त्यांना कधी कळवलं नव्हतं. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "मराठी, वर्ग सांभाळ." मग दोन पावलं जाऊन वळल्या. "नको, तूही चल. गणितांना सांग सांभाळायला."

गावात आबांच्या वाड्यामागे एक कडुनिंबाचं झाड होतं. सगळं गाव गोळा झालं. बाईंनी बुंधा ठोकून पाहिला, भोवती फिरल्या, वर बघितलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर चढून दोन्ही हातांनी फांदीला लोंबकळल्या. मुख्याध्यापिका नव्हत्या म्हणून बरं. मुली आधी हबकल्या, मग टाळ्या पिटू लागल्या. बाईंनी पाय उचलून दोन झोके घेतले. फांदी कुरकुरली नाही.

"ही चांगली आहे," त्या वरूनच ओरडल्या. "हिची हमी माझी. आभाळाची नाही!"

तेवढ्यात त्यांच्या पायातली एक चप्पल सुटली आणि थेट आबांच्या टोपीवर येऊन पडली. आबांनी चप्पल शांतपणे उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि वर बघत म्हणाले,

"बाई, हाई बी आगोदर सांगाले जोयजे व्हतं."